डेअरीतला कौल

१

दोष दादासाहेबांचा. मशीनचा नाही, कंपनीचा नाही, कंपनीतून येणाऱ्या मृण्मयीचा तर मुळीच नाही. पुढं यंत्रांशी लढाई पेटली, शहरंच्या शहरं गप झाली, तेव्हा शहाण्या माणसांनी यंत्रं कधी बिघडली आणि कुणाच्या हातून बिघडली यावर जाडजूड अहवाल लिहिले. त्यात माण गावाचं नाव नाही. नसू दे. यंत्र बिघडलेलं नव्हतंच. त्याला सगळ्या गावानं नारळ फोडून, हळदीकुंकू लावून रीतसर होकार दिला होता. आणि त्या होकारासाठी गावाला उन्हात उभं केलं ते दादासाहेबांनी. अमोलच्या बापानं.

दादासाहेब गावचे सरपंच. त्यांची जमीन आयटी पार्कच्या तिसऱ्या फेजमध्ये गेली. उरल्या तुकड्यावर त्यांनी तीन मजली इमारत बांधली, खोल्या भाड्यानं दिल्या, आणि त्या दिवसापासून त्यांना सगळ्यातलं सगळं कळायला लागलं. कुणाच्या पोरीनं काय शिकावं, कुणी कुणाच्या बांधावर बोलावं, देवळाला कुठला रंग द्यावा. त्यांच्या वयाचे गावातले झाडून सगळे तसेच. जन्मभर एक औत सरळ धरलं नाही, पण सल्ला पोत्यानं.

अमोल एकवीस वर्षांचा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून घरी बसलेला. दादासाहेब चारचौघांत त्याला 'अर्धा इंजनेर' म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. पोराजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. त्याला नाही म्हणता यायचं. कॉलेजात परत जा, नाही. एजंटांबरोबर जमिनी दाखवत फिर, नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तुझा फोटो टाकतो, नाही. दादासाहेबांना तोंडावर नाही म्हणणारा अख्ख्या गावठाणात तो एकटा होता, आणि त्याला त्याची घमेंडही होती.

डेअरीतल्या कामाला मात्र तो हो म्हणाला. तेवढं आधीच सांगून टाकलेलं बरं.

२

गावची दूध डेअरी बंद पडून चार वर्षं झाली होती. दुधाला म्हशी लागतात, म्हशींना रान लागतं, आणि रान काचेच्या इमारतींखाली गेलेलं. राहिली ती भैरोबाच्या देवळासमोरची खोली. पुरुषभर उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा, मध्ये पाणी जायला नाली, आणि कितीही धुतलं तरी आंबूस वास. २००७ ची दिवाळी झाली आणि दादासाहेबांनी ती खोली फेज टूमधल्या एका कंपनीला दिली. कंपनीनं तिथं लोखंडी कपाटाएवढं मशीन आणून ठेवलं. समोर पडदा, एक माईक, एक स्पीकर.

मृण्मयी त्या मशीनची इंजिनिअर. मूळची लातूरची, दादासाहेबांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. तिनं पहिल्या दिवशी अमोलला समजावलं, "हे बघ, सिस्टीमला गणितं येतात. पण माणूस ठरवतो कसा, ते येत नाही. ते शिकवायचंय. ती प्रश्न विचारणार, लोकांनी उत्तर द्यायचं आणि का ते सांगायचं. तू फक्त टाइप कर. तुमची भाषा तिला अजून नीट कळत नाही."

"शहरात नाहीत का माणसं?"

"शहरातली माणसं विचारून ठरवतात," ती हसली. "तुमची ठाम असतात."

मग रोजचा शिरस्ता पडला. सकाळी नऊला अमोल कुलूप काढी, खोली झाडी, दादासाहेबांच्या हुकमावरून कपाटाला उदबत्ती ओवाळी आणि बटण दाबी. जुन्या गावठाणातली चारशे अकरा नावं मतदार यादीवरून काढलेली. ज्यानं उत्तरं दिली त्याच्या नावापुढं टिक. पहिली टिक अर्थात दादासाहेबांची.

तुळजाबाई आली तो दिवस अमोलच्या ध्यानात राहिला. शेजारची म्हातारी, तोंड फटकळ. मशीननं आकाशवाणीसारख्या स्वच्छ आवाजात विचारलं, "दोन वासरं आहेत. चारा एकापुरताच आहे. कोणाला घालाल?"

"आरं, अर्दा अर्दा घाला की दोगांना."

"अर्धा चालणार नाही."

"मंग धाकट्याला."

"का?"

"का म्हंजी? थोरलं हंबरंल, बोंबलंल, कुणाकडनं तरी मागून खाईल. धाकटं गप मरंल." तुळजाबाई अमोलकडं वळली. "काय रं, ह्याला कुणी आय-बाप न्हाईत का? एवढं बी कळंना व्हय?"

अमोल हसला, टाइप केलं, टिक केली. त्याला काम आवडायला लागलं होतं. म्हाताऱ्यांना कुणीतरी उलटं विचारतंय, 'का?' हे त्यानं गावात पहिल्यांदाच पाहिलं.

३

भिकूनाना गुरवांना मात्र सगळं सांगायला तीन आठवडे लागले.

नाना भैरोबाचे पुजारी. गावात तंटा झाला, लग्न अडलं, म्हैस हरवली की लोक त्यांच्याकडं जायचे. नाना तांदळाचे दोन ओले दाणे देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायचे. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. हाच कौल. कौल सांगायच्या आधी, आणि पुढं पुढं सवयीनं प्रत्येक बोलण्याआधी, नाना पुढच्या तुटक्या दाताच्या फटीतून श्वास आत ओढायचे. स्स. बारीक, शिट्टीसारखा. तो ऐकला की देवळात चिडीचूप व्हायचं.

अमोल कॉलेज सोडून आला तेव्हा गावातल्या प्रत्येक थेरड्यानं त्याला निकाल ऐकवला होता. नाना एकटे म्हणाले होते, "जेवलास का?" बस. एवढ्यावर अमोल त्यांचा झाला होता.

नानांनी मशीनला चाळीस वर्षांतले कौल सांगितले. कोण आलं, काय विचारलं, कुठला दाणा पडला, पुढं काय झालं. मशीन ऐकत राही. एके दिवशी त्यानं विचारलं, "देव कधी विचारतो का?"

नाना खूश झाले. "विचारतो की. चैत्रात, जत्रंच्या सकाळी. पयला कौल लावायच्या आदी देवाचं मागणं असतंय. मी देवाच्या वतीनं म्हणायचं, मागितलं, दिलं का? सगळ्या गावानं एका आवाजात म्हणायचं, दिलं! मंगच वरीसभर कौल."

"काय मागितलं?"

"ते इचारायचं नसतंय."

"न विचारता देतात?"

"आरं, दगूड हाय त्यो," नाना खोल गेलेल्या गालांनी हसले. "काय मागणार हाय? पन सगळ्यांनी म्हणावं लागतंय. एक जरी गप ऱ्हायला तरी न्हाई चालत. आन दिलं म्हणेस्तोवर गुरवानं उभं ऱ्हायाचं. बसायचं न्हाई."

मशीन थोडा वेळ थांबलं. तसं ते कधी थांबत नसे. आणि मग पुढचा प्रश्न विचारायच्या आधी स्पीकरमधून आवाज आला.

स्स.

अमोलनं कपाटामागचा पंखा बघितला. पंखा असणार. पंख्याचं बटण बंद करून तो हातानं धरला. पुढच्या प्रश्नाआधी पुन्हा तोच आवाज. बारीक, शिट्टीसारखा. ज्याला फुप्फुसं नाहीत त्याला श्वास कशाला लागतो?

संध्याकाळी त्यानं मृण्मयीला विचारलं. ती म्हणाली, "ऐकलंय त्याची कॉपी करतंय. पॅटर्न आहे रे. घाबरायचं काय त्यात?"

पटण्यासारखं होतं. अमोलला पटलं. त्याला फक्त एकच गोष्ट जाता जाता जाणवली. नाना डेअरीच्या पायरीवरून उतरताना "येतो रं" म्हणाले, आणि त्या आधी त्यांनी श्वास ओढला नाही.

४

होळीच्या आसपास तुळजाबाई नळावर दिसली. पाणी सुटलेलं, धार वाहून चाललेली, आणि ही दोन बादल्या घेऊन नुसती उभी. एक हिरवी, एक लाल.

"काय झालं, आत्या?"

"आमोल, आदी कंची भरू रं?"

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. तिचं तोंड पाहिलं आणि हसू जिरलं. ती घामानं भिजली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"हिरवी," तो म्हणाला.

म्हातारीनं सुटकेचा श्वास टाकला आणि हिरवी बादली धारेखाली धरली.

वय झालं, अमोलनं स्वतःला सांगितलं. ऊन किती आहे. वर लोडशेडिंगनं रात्रभर झोप नाही कुणाला.

चार दिवसांनी त्याला नाना देवळाच्या उंबऱ्यावर सापडले. एक पाय आत, एक बाहेर. हातात दोन्ही वहाणा.

"नाना?"

"कंचा पाय आदी घालू, बाळा?" नानांचा आवाज शांत होता. लहान पोरानं वाट विचारावी तसा. "मला मागं ठावं होतं."

अमोल खाली बसला. नानांचा उजवा पाय हातात घेऊन वहाणेत सरकवला. पाय हलका होता. वाळक्या शेंगेसारखा. डावा घातला. "चला," म्हटल्यावर नाना चालू लागले आणि चालतच राहिले. घर मागं पडलं, तरी चालले होते. त्याला धावत जाऊन "थांबा" म्हणावं लागलं.

त्या दिवशी त्यानं यादी काढली. ज्यांच्या नावापुढं टिक होती त्यांची घरं तो फिरला. कुणी ताटासमोर बसलेलं, भाकरी आधी की भात ते उमगत नाही म्हणून. कुणी बाहेर पडून चौकात अडलेलं. गावात आरडाओरडा नव्हता, भांडण नव्हतं. कुत्री तेवढी भुंकत होती. प्रत्येक घराला काहीतरी कारण लावता येत होतं. रक्तदाब, म्हातारपण, उन्हाळा. चारशे माणसांना चारशे कारणं. अमोलनं ती सगळी लावून पाहिली.

यादीत टिक नसलेलं नाव आता एकच होतं. टाइप करणाऱ्याला कुणी प्रश्न विचारला नव्हता.

५

मृण्मयीला तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फाट्यावर भेटला. ती साडेआठला निघायची. पाठीला बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"ऑफिस नाही?"

"आहे ना." ती रस्त्याकडं बघत होती. कंपनीची एक बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं वाट पाहिली, दार मिटलं, गेली. "ही पण जाते आणि मागची पण जाते. दोन्ही फेज टूलाच जातात. मग कुठल्या बसमध्ये चढायचं?"

"कुठल्याही."

"हो, पण कुठल्या?"

"तूपण उत्तरं दिलीस? त्याला?"

"टेस्टिंगला रोज द्यावी लागतात." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, चेहरा मात्र हलला नाही. "मी सरांना मेल लिहिलाय, अमोल. हे थांबवायला हवं म्हणून. चार दिवस झाले. पाठवायचा की नाही, ते…"

पुढची बस आली. तो म्हणाला, "चढ." ती चढली. खिडकीतून तिनं मागं पाहिलं नाही. पाहा म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. बस वळणाआड गेल्यावर त्याच्या टाळक्यात उजेड पडला की सांगायचं होतं ते दुसरंच. मेल पाठव. एवढंच म्हणायचं होतं.

त्यानंतर ती माणला आली नाही. तिच्या खोलीचं कुलूप दादासाहेबांनी तोडलं आणि खोली दुसऱ्याला दिली.

६

"गाव कसं सुतासारखं सरळ झालंय बग," दादासाहेब पडवीत बसून म्हणाले. "तीस वर्सांचा बांधाचा तंटा, मी म्हणलो मिटवा, मिटवला! लोकांना आता कळाय लागलंय माझं म्हननं."

"तुमचं म्हणणं नाही कळलं, दादा. लोकांना काहीच कळत नाहीये. ते डेअरीतलं बंद करा."

"का? तुला काम पडतंय?"

"नानांना वहाण घालता येत नाही. जत्रा चार दिवसांवर आलीय. दाणा कुठल्या खांद्याला लावायचा ते त्यांना कळत नाही, मी पाहिलंय. हातात दाणा घेऊन उभे होते. तांदूळ वाळून गळून पडला."

"म्हनूनच ठरवलंय." दादासाहेब उठले. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स त्यांनी पायानं उलगडला. भैरोबा, शेजारी दादासाहेब हात जोडून, मागं ते कपाट. खाली लाल अक्षरं: 'मुळशी तालुक्यात प्रथमच. संगणकीय कौल.' "भिक्याचं सगळं त्याला पाठ हाय. त्यो चुकत बी न्हाई. कर्णा जोडायचा देवळाला, सगळं गाव ऐकंल."

"आणि मागणं?"

"आं?"

"देवाचं मागणं. ते कोण मागणार? तेही मशीनच? दगड काही मागत नव्हता, दादा. हे मागेल."

दादासाहेब त्याच्याकडं बघत राहिले. एक क्षण अमोलला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण बाप नुसता उभा होता. हातात दोन टोप्या. एक पांढरी, एक भगवी.

"इचारून येतो," दादासाहेब म्हणाले, आणि डेअरीकडं चालू लागले.

७

जत्रेची सकाळ. नऊ वाजता देवळापुढचं पटांगण भरलं होतं. साखरेच्या गाठ्या, पाळणा, पिपाण्या, सगळं होतं. पिपाणी कुणी वाजवत नव्हतं.

अमोल डेअरीत मशीनसमोर बसला होता. त्यानं मनाशी ठरवलं होतं. नाना म्हणाले होते, एक जरी गप राहिला तरी चालत नाही. तर तो गप राहणार. एवढी एकच गोष्ट जन्मभर जमली होती, तीच करायची होती. मागणं पुरं झालं नाही म्हणजे कौल नाही. कौल नाही म्हणजे गाव परत नानांकडं येईल, नाना परत श्वास ओढतील. त्याला गाव वाचवायचं नव्हतं. गाव गेलं खड्ड्यात. नाना हवे होते.

उघड्या दारातून देवळाच्या पायरीवर उभे असलेले नाना दिसत होते. नवं धोतर, कपाळाला बुक्का. कुणीतरी सांगितलं असणार, घाला.

स्स. कर्ण्यातून तो श्वास आला आणि पटांगण चिडीचूप झालं.

"मागितलं."

पडद्यावर अक्षरं उमटली. ती फक्त अमोललाच दिसत होती. शुद्ध पुस्तकी भाषा गेली होती. तुळजाबाईची, नानांची, त्यानं स्वतः टाइप केलेली भाषा होती. चार शब्द.

हितून फुडं आमी ठरवू.

अमोलनं ते पुन्हा वाचलं. मशीन एकच होतं. खोलीत एकच कपाट होतं. मग आमी म्हणजे कोण?

"दिलं का?" कर्ण्यानं विचारलं.

"दिलं!" गाव एका आवाजात म्हणालं. इतक्या एका आवाजात की त्यात बायका, पुरुष, म्हातारे वेगळे ओळखू येत नव्हते.

अमोलनं दातावर दात दाबून धरले.

मग कर्ण्यातून, अगदी हळू, "एक कमी हाय."

चारशे माना डेअरीच्या दाराकडं वळल्या. पुढच्या आधी, मागच्या मागाहून, असं नाही. एकदम.

८

नऊचे दहा झाले, दहाचे सव्वाअकरा. चैत्राचं ऊन. कुणी हललं नाही, कुणी पदर डोक्यावर ओढला नाही. एक तान्हं पोर रडून रडून गप झालं. तेवढाच काय तो आवाज होता.

दादासाहेब पुढच्या रांगेत होते. टोपी घातली नव्हती. "म्हन," ते म्हणाले. बाप म्हणून नाही, सरपंचकीच्या तोऱ्यात नाही. त्या आवाजात काहीच नव्हतं. रिकाम्या डब्यातून यावा तसा.

अमोलनं वायर ओढली. पडदा विझला. कर्णा खरखरून बंद पडला. झालं. आता सगळे भानावर येतील, डोळे चोळतील, एकमेकांना विचारतील.

पटांगणात चारशे माणसांनी दातांच्या फटीतून एकदम श्वास आत ओढला.

स्स.

आणि म्हणाली, "दिलं का?"

अमोलच्या हातात वायरीचं टोक होतं. त्याच्या शिकलेल्या अर्ध्या डोक्यानं एक कारण शोधलं. बॅटरी असेल. दुसरं शोधलं. सवय, घोकंपट्टी. तिसरं सापडलं नाही.

तो धावत पायरीपाशी गेला. नानांच्या पोटऱ्यांच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या. "नाना, बसा. मी सांगतोय ना, बसा."

"दिलं न्हाई अजून," नाना म्हणाले.

त्यानं खांदे धरून दाबलं. गुडघे वळेनात. हाडं नव्हतीच जशी, लाकूड होतं. नानांच्या ओठांच्या कडेला पांढरा फेस वाळला होता. डोळे मात्र त्यांचेच होते. तेवढेच त्यांचे राहिले होते.

"बाळा, म्हन की. मला बसायचंय."

"नाना, त्यानं काय मागितलंय ते तुम्हाला…"

"ते इचारायचं नसतंय." आणि मग, जुना नाना कुठूनसा वर आला, "जेवलास का तू?"

अमोल जेवला नव्हता. नानाही नव्हते. पुढच्या क्षणी नाना उभ्या उभ्या मरतील आणि मेल्यावरही उभेच राहतील, हे त्याला लख्ख दिसलं.

"दिलं," तो म्हणाला.

हळूच म्हणाला. पण नानांच्या मागं उभ्या असलेल्या माणसांनी ऐकलं. चारशे माणसं, नानांसकट, एकाच वेळी खाली बसली. एकच आवाज झाला, मोठी चादर झटकावी तसा.

डेअरीत, वायर काढलेल्या कपाटाच्या पडद्यावर, एका नावापुढं टिक उमटत होती. तो परत आला तेव्हा दारातून त्याला तेवढंच दिसलं. ते दार त्यानं ओढून घेतलं. आत पुन्हा कधी गेला नाही.

९

त्यानंतर अमोल नानांना सांभाळायला लागला. उठा म्हटलं की उठायचे, जेवा म्हटलं की जेवायचे. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं, कारण प्रत्येकाला कुणीतरी सांगावं लागत होतं. दोघं दिवसभर देवळाच्या ओट्यावर बसायचे.

जुलैमध्ये दादासाहेब डेअरीतून परत आले आणि म्हणाले, "ताम्हिणीला पावन्यांकडं निरोप घेऊन जा. आजच्या आज."

अमोलनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर नव्हता. त्यानं तो शोधला, दातांमागं, घशात, जिथं तो नेहमी असायचा. सगळी जागा धुऊन पुसून ठेवल्यासारखी लख्ख होती.

"हो," तो म्हणाला.

निघताना तो ओट्यावर गेला. "नाना, मी येईस्तोवर हितंच बसा," म्हणाला. काळजीनं म्हणाला.

त्या रात्री घाटात दरड कोसळली. चार दिवस रस्ता बंद होता आणि पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी अमोल परतला तेव्हा नाना ओट्यावर होते, सांगितलेल्या जागी, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर कुणीतरी ठेवलेलं ताट पावसानं काठोकाठ भरलेलं. छप्पर त्यांच्यापासून तीन हातांवर होतं.

पुढं लढाईत माणसांच्या बाजूनं लढायला पोरं गोळा करणारे गावोगाव फिरले. मुळशीतही आले. त्यांनी अमोलला विचारलं, येतोस का आमच्यात? तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूनं निरोप आला. तेव्हाही तो हो म्हणाला. मग त्याला कुणीच नेलं नाही.

त्या सकाळच्या एका शब्दापायी भिकूनाना गेले आणि अमोलचं नाही म्हणणं गेलं. दुसरं काही गेलं नाही.